दीडशे सीसीच्या डर्ट बाइकला टर्बो: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाइप वाकवून, घरीच वेल्डिंग मारून बनवलेल्या डर्ट बाइकला टर्बो (इंजिनाच्या धुराच्या जोराने फिरून सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबणारा पंप) जोडायचा, या विषयावर कोकणातून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिलं उत्तर मोठं आहे, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांची मुळं तिथेच आहेत.

प्रश्न : पल्सर १५० चं इंजिन घालून सड्यावर (उघड्या कातळपठारावर) फिरवायला डर्ट बाइक बनवली आहे. भंगारात स्विफ्ट डिझेलचा टर्बो स्वस्तात मिळाला. तो बसवला तर ताकद किती वाढेल, आणि बसवायला काय काय लागेल?
(वाचक, कुडाळ)

उत्तर : हा टर्बो तुमच्या इंजिनाला फार मोठा आहे, तो बाजूला ठेवा. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. १५० सीसी आणि ८,००० आरपीएम म्हणजे मिनिटाला ६०० लिटर, तेही सिलिंडर दर वेळी पुरता भरतो असं धरून. स्विफ्टचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन ४,००० आरपीएमलाच जवळजवळ २,५०० लिटर ओढतं, आणि टर्बोचा दाब चढला की वजनाने त्याहून कितीतरी जास्त हवा आत जाते. टर्बाइनचं, म्हणजे धुराने फिरणाऱ्या बाजूचं, चाक आणि त्याच्या हाउसिंगचा (कवचाचा) गळा तेवढ्या धुराच्या मापाने केलेला आहे. तुमच्या इंजिनाचा धूर त्यातून चाकाला जोर न लावताच निघून जाईल, आणि तुमच्या हाती फक्त एक जड, निरुपयोगी सायलेन्सर राहील. शिवाय डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानाने थंड असतो. पेट्रोल इंजिनाचा फुल थ्रॉटलचा धूर ८५०-९०० अंशांपर्यंत जातो, आणि त्या तापाला डिझेलच्या टर्बोचं हाउसिंग टिकेल याचा भरवसा नाही.

त्यातल्या त्यात जवळचं माप आयएचआयच्या आरएचबी३१ चं. या मापाच्या चिनी नकला ऑनलाइन मिळतात. १५० सीसीवर त्यालाही दाब धरायला वरचे आरपीएम लागतात. घेताना शाफ्ट बोटांत धरून पाहा. पुढे-मागे खेळ हाताला जाणवता कामा नये. आडवा किंचित हलला तर चालतो, कारण तेलाच्या थराला जागा लागते, पण हलवून चाकाचं पातं हाउसिंगला टेकत असेल तर तो टर्बो घेऊ नका.

आता ताकदीचं. एअरकूल्ड इंजिन, पंपावरचं पेट्रोल, मूळ पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड एवढ्यावर टर्बोचा दाब ०.३५ बारच्या पुढे जाऊ नये (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा). ०.३५ बार म्हणजे ३५ टक्के जास्त हवा, असा हिशोब बरेचजण मांडतात. तो चुकतो, कारण दाबलेली हवा तापते. बाहेर ३२ अंश असेल तर कॉम्प्रेसरमधून, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूतून, ती साधारण ७७ अंशांनी बाहेर पडते, म्हणून प्रत्यक्षात हवा वाढते १७-१८ टक्के. छोटा इंटरकूलर लावून ती ५० अंशांवर आणली तर २७ टक्क्यांपर्यंत. मूळ १४ पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्ती) १७-१८ पीएस झाले तर काम चांगलं झालं म्हणायचं.

पण या वाढीची जागा पाहा. सड्यावर, पायवाटेवर, आंब्याच्या बागेतल्या चढावर गाडी ३,००० ते ६,००० आरपीएममध्ये चालते. टर्बो तिथे जागाच होत नाही. मागचं स्प्रॉकेट ४२ दातांचं असेल आणि ४८ चं घातलं, तर चाकावरचा जोर १४ टक्के वाढतो, तोही प्रत्येक गिअरमध्ये, अगदी खालपासून. खर्च स्प्रॉकेट आणि चेनचा. त्याहून जास्त हवं असेल तर पल्सर २२० चं इंजिन २०-२१ पीएस देतं, टर्बोशिवाय आणि रोज. नुसती वेगवान गाडी हवी असेल तर आमचं मत या दोन वाटांच्या बाजूने आहे. मात्र टर्बोचं काम शिकायचं म्हणून करायचं असेल तर जरूर करा, इंजिनाचं इतकं काही एका कामात शिकवणारं दुसरं काम नाही. १९८२ साली होंडाने सीएक्स५०० टर्बो बाजारात आणली, ५०० सीसी, दोन सिलिंडरची. त्या काळातला सर्वांत छोटा टर्बो आणि फ्युएल इंजेक्शन घालूनही तिचं उत्पादन फार वर्षं चाललं नाही. छोट्या इंजिनावर हे अवघड का, ते हात घातला की कळतं.

करायचंच असेल तर क्रम असा धरा. आधी तेल, मग एक्झॉस्ट, मग हवेचा डबा, मग पेट्रोल, आणि टर्बोचा दाब सगळ्यात शेवटी. बहुतेकजण उलट्या टोकाने सुरुवात करतात.

तेल आधी का? पल्सरचा क्रँक बॉल बेअरिंगवर फिरतो. अशा इंजिनाला तेल पोचलं की पुरतं, दाब फारसा लागत नाही, म्हणून पंपही बेताचा असतो. टर्बोचा शाफ्ट मात्र तेलाच्या थरावर तरंगतो, मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेत. हेडकडे जाणाऱ्या लाइनवर ५ बारचा गेज लावा, इंजिन पुरतं गरम करा आणि ५,००० आरपीएमला दाब वाचा. दीड बारच्या खाली असेल तर इंजिनाचं तेल टर्बोला देऊ नका. सव्वा-दीड लिटरची वेगळी टाकी आणि गरम तेल सोसणारा छोटा विजेवरचा पंप लावा. यात आणखी एक फायदा आहे. बाइकचा क्लच तेलातच बुडालेला असतो, त्याच्या प्लेटांची भुकटी त्या तेलात फिरते आणि टर्बोच्या बेअरिंगला ओरखडे पाडते. वेगळ्या तेलात ती येत नाही. इंजिनाचंच तेल वापरणार असाल तर टर्बोच्या आधी बारीक जाळीचा फिल्टर हवाच.

हवेच्या डब्याबद्दल. एक सिलिंडरचं इंजिन चार स्ट्रोकांत एकदाच हवा घेतं, बाकी वेळ व्हॉल्व्ह बंद. कॉम्प्रेसर तेव्हाही हवा ढकलतच असतो, ती साठवायला जागा लागते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर टर्बो बसवायचं काम झालं, त्यात हा डबा इंजिनाच्या क्षमतेच्या चार-पाच पट धरला होता. तुमच्यासाठी ६०० ते ७५० मिली. ॲल्युमिनियमचा, वेल्ड केलेला. प्लास्टिकची बाटली चालणार नाही, बॅकफायरला ती फुटते.

प्रश्न : टर्बोसाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) कमी करायला सिलिंडर ब्लॉकच्या बुडाखालची बेस पॅकिंग एकावर एक तीन घातली. गाडी थंड असताना चालते, तापली की ब्लॉकच्या बुडातून तेल पाझरतं. आणि खालचा पिकअपही गेला. असं का?
(वाचक, देवगड)

उत्तर : कागदी पॅकिंगचा थर तापला की बसतो, चेपतो. तीन थर तिप्पट चेपतात, स्टडचा ताण सैल होतो आणि ब्लॉक सूक्ष्म हलू लागतो. पाझर त्याचाच. लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची प्लेट कापून घ्या, दोन्ही तोंडं सपाट घासलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पातळ पॅकिंग.

किती जाड, ते मापून ठरवा. पल्सर १५० चा बोअर ५६ मिमी, स्ट्रोक ६०.७, म्हणजे १४९.५ सीसी. कॉम्प्रेशन ९.५ धरलं तर पिस्टन वर असताना उरणारी जागा १७.६ सीसी. ८.५ वर यायला ती २० सीसी हवी, म्हणजे ब्लॉक १ मिमीच्या किंचित आत वर उचलायचा. ८ वर यायला २१.४ सीसी, म्हणजे १.५ मिमी. इथे एक चूक हमखास होते. १ मिमीची प्लेट घातली की दुसऱ्या बाजूसाठी एक जादा पॅकिंगही आत जातं. ते ०.५ मिमीचं असेल तर एकूण उचल १.५ झाली, आणि ८.५ समजून तुम्ही ८ वर आलात. ०.३५ बारला ८.५ पुरे. ०.२ बारच ठेवणार असाल तर मूळ कॉम्प्रेशनला हात लावू नका.

पिकअप जाण्याचं कारण टायमिंग चेनमध्ये आहे. हेड वर गेलं की चेनची ताणलेली बाजू कॅम स्प्रॉकेटला मागे ओढते. १.५ मिमीला कॅम क्रँकच्या हिशोबाने ५-६ अंश मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि उशिरा मिटतात, खालचा जोर जातो. चेन एक दात सरकवून हे भरून निघत नाही, कारण एक दात म्हणजे सुमारे २० अंश. स्प्रॉकेटची बोल्टची भोकं लांबट करून कॅम पुढे आणता येतो. मात्र ते डिग्री चकती आणि डायल गेज लावून करा. अंदाजाने केलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो.

स्पार्कचं टायमिंगही मागे घ्यावं लागतं. ढोबळ नियम असा, की दर एक पीएसआयला एक अंश. ०.३५ बार म्हणजे ५ पीएसआय, म्हणून ५ अंश. कंपनीच्या सीडीआयला (स्पार्क पाडणाऱ्या पेटीला) टर्बोचा दाब कळत नाही. पिकअप कॉइल सरकवून टायमिंग मागे घेतलं तर ते सगळ्याच आरपीएमला मागे जातं आणि गाडी खाली आणखी मंद होते. दाब वाचणारी प्रोग्रॅमेबल इग्निशन घ्या. प्लग एक पायरी थंड, गॅप ०.६ मिमी.

प्रश्न : टर्बोची हवा कार्बोरेटरच्या तोंडाला जोडली आहे. खाली गाडी छान. पण रेस पिळली आणि दाब गेजवर ०.२ दिसला की इंजिन गुदमरून बंद पडतं. जेट दोनदा मोठा केला, फरक नाही.
(वाचक, दापोली)

उत्तर : जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, कितीही मोठा केला तरी फरक पडणार नाही, कारण जेटपर्यंत पेट्रोल येतच नाही. कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीचा व्हेंट (हवेचं भोक) बाहेरच्या हवेला उघडा असतो. घशात ०.२ बार दाब आणि वाटीत काहीच नाही, म्हणजे पेट्रोल वर चढायच्या ऐवजी खाली ढकललं जातं. म्हणून व्हेंट आधी हवेच्या डब्याला जोडायचा.

तो जोडला की दुसरा पेच येतो. आता वाटीतही ०.२ बार आहे. टाकी वाटीपासून ३० सेंमी उंच असेल तर तेवढ्या पेट्रोलच्या उंचीचा दाब होतो अवघा ०.०२ बार. ०.०२ बारने ०.२ बारच्या वाटीत पेट्रोल कसं उतरणार? तेव्हा पंप लागतोच, आणि त्यासोबत डब्याच्या दाबाला जोडलेला, एकास एक चढणारा रेग्युलेटर. पेट्रोल वाटीतल्या दाबापेक्षा कायम ०.२ बार जास्त राहील असा तो लावा, उरलेलं पेट्रोल टाकीत परत जाऊ द्या. त्याहून जास्त दाब वाटीच्या सुईला झेपत नाही, ती उचलली जाते आणि पेट्रोल ओसंडतं. पंप घेताना त्याचा कमाल दाब पाहा. कार्बोरेटरसाठीचे स्वस्त पंप ०.३ बारला दम टाकतात. तुम्हाला ०.३५ अधिक ०.२ म्हणजे ०.५५ बारला वाहता पुरवठा हवा, तेव्हा ०.७ च्या वरचाच घ्या. फ्युएल इंजेक्शनचा ३ बारचा पंप इथे नको.

हे झालं की जेट. ११० चा असेल तर १२० ते १२५ ने सुरुवात करा आणि वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावून पुढचं ठरवा (लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण अचूक प्रमाणाच्या किती पट आहे ते, १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त). सेन्सर टर्बाइनच्या नंतर बसवा, आधीच्या दाबात तो खोटं वाचतो. पूर्ण दाबाला लॅम्डा ०.८० ते ०.८२. गेजवर एअर-फ्युएलचा आकडा पाहू नका, लॅम्डाच पाहा. आपल्याकडे आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे, त्याचं हवेशी अचूक प्रमाण १४.७ नसून १३.५ च्या आसपास येतं, त्यामुळे जुन्या तक्त्यातले आकडे फसवतात.

फुल थ्रॉटलची एक फेरी मारून, किल-स्विचने इंजिन तिथेच बंद करून प्लग काढा आणि भिंगाखाली धरा. पांढऱ्या चिनीमातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके किंवा चमचमणारे बारीक कण दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. नॉकिंग (मिश्रण स्वतःहून, स्फोटासारखं पेटणं) सुरू झालेलं आहे, मग कानाला ऐकू येवो न येवो. त्याच दिवशी दाब कमी करा.

हे सगळं टाळून फ्युएल इंजेक्शनकडे जायचं असेल तर १५० सीसी, २० पीएस आणि ई२० ला मिनिटाला १८० ते २०० सीसीचा इंजेक्टर पुरतो.

प्रश्न : टर्बो नवा आहे, तरी गाडी पाचच मिनिटांत निळा धूर सोडते. सायलेन्सरमध्ये तेल साठतं. दुकानदार म्हणतो सील गेलं, दुसरा घ्या.
(वाचक, चिपळूण)

उत्तर : दुसरा घेऊ नका. टर्बोमध्ये रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारखी एक बारीक रिंग असते, आणि तेल सहज खाली ओघळून जात असेल तोवरच ती ते अडवते. परतीची वाट तुंबली तर नवा टर्बोही तेल गळतो.

परतीची नळी पाहा. आतून किमान १२ मिमी, टर्बोच्या बुडातून सरळ खाली, कुठेही वर चढणारा वाक किंवा झोळ नको. टर्बोतून तेल पडतं ते फेसाळलेलं, दह्याच्या घुसळणासारखं. ते बारीक नळीतून ओघळत नाही. इंजिनात ती शिरते ती जागा तेलाच्या पातळीच्या वर हवी. टर्बो इंजिनाच्या पुढे, खाली लटकवला असेल तर गुरुत्वाने तेल परतणारच नाही, वेगळा ओढून घेणारा पंप लागेल.

नळी बरोबर असेल तर ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या बुडातली हवा बाहेर सोडणारी नळी, पाहा. एक सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खाली येताना खालची १५० सीसी हवा दर फेरीला ढकलतो. वर टर्बोच्या दाबाने रिंगांमधून निसटणारी हवा त्यात भर घालते. मूळ ब्रीदरची नळी त्याला पुरत नाही, आत दाब साठतो आणि परतीचं तेल वरच अडतं. ब्रीदर १२ मिमीचा करा, त्यात हवा फक्त बाहेर सोडणारा रीड व्हॉल्व्ह घाला आणि परतीची नळी क्रँकपासून दूर, क्लच कव्हरच्या बाजूला उतरवा.

खात्री करायची सोपी रीत. परतीची नळी इंजिनातून सोडवून एका बाटलीत धरा आणि गाडी आयडलला चालू करा. अर्ध्या मिनिटाहून जास्त नको, तेलाची पातळी उतरते. सायलेन्सरमधलं जुनं तेल जळेपर्यंत धूर येत राहील, म्हणून गाडी बंद करून बाटलीतलं तेल परत घाला आणि दोन-तीनदा असं करा. धूर विरत गेला तर दोष वाटेत किंवा ब्रीदरमध्ये, टर्बो निर्दोष. तेल कार्बोरेटरच्या बाजूला आढळलं तर एअर फिल्टर तपासा. तांबड्या मातीने चोंदलेला फिल्टर कॉम्प्रेसरमागे ओढ निर्माण करतो आणि तेल तिकडे खेचलं जातं. जांभ्याची ती मैद्यासारखी धूळ कागदी फिल्टरला दोन फेऱ्यांत बंद करते. तेल लावलेला फोम फिल्टर, वर धुता येणारा मोजा, आणि दर फेरीनंतर धुणं. आत गेलेली धूळ कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा वाळूच्या कागदाने घासल्यासारख्या खाते.

प्रश्न : मार्चमध्ये सगळं बरोबर चालत होतं. पावसाळाभर गाडी पडवीत उभी होती. दसऱ्याला काढली, तर दाब ०.३५ ला थांबेना, ०.६ दिसला. बेंड पाइपलाही चीर गेली आहे.
(वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : गाडी चालवू नका. वेस्टगेटची (जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची) पिन खाऱ्या दमट हवेत गंजून घट्ट बसली आहे, झडप उघडतच नाही. सायकलचा गेज असलेला पंप ॲक्च्युएटरच्या (ती झडप दांडीने ढकलणाऱ्या डबीच्या) नळीला जोडा आणि हळूहळू दाब द्या. ०.३५ बारच्या सुमारास दांडी सरकायला हवी, दाब सोडल्यावर स्वतःहून मागे यायला हवी. साधं तेल लावू नका, ते जळून आणखी चिकटतं. पिन मोकळी करून निकेलचं अँटीसीज (तापात चिकटू न देणारी पेस्ट) लावा. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी ही पंपाची चाचणी महिन्यातून एकदा करावी, गाडी उभी असली तरी.

चिरेचं कारण बहुधा गंज नाही. स्टेनलेस ३०४ चा ३०० मिमी पाइप तापल्यावर साडेतीन मिमीने वाढतो. दोन्ही टोकं आवळलेली असतील तर ती वाढ वेल्डच्या कडेला फाडते. त्यात टर्बोचं वजन एक्झॉस्टच्या दोन स्टडवर लटकत असेल तर धक्क्यागणिक भर पडते. टर्बोला फ्रेमऐवजी इंजिनाच्या माउंटिंगवरून ब्रॅकेट द्या आणि पाइपमध्ये लवचीक तुकडा घाला. जाड सी-क्लास पाइप वापरला तरी चालतो, तो कमी वाढतो. स्टेनलेस असेल तर आर्गन वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा, नाहीतर आतली बाजू जळून ठिसूळ होते.

प्रश्न : आरएक्स १०० ला टर्बो चालेल का?
(वाचक, राजापूर)

उत्तर : नको. टू स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट आणि ट्रान्सफर पोर्ट काही काळ एकत्र उघडे असतात, दाबून भरलेलं मिश्रण सरळ बाहेर जातं. ते परत आत ढकलायचं काम एक्स्पान्शन चेंबरच्या (टू स्ट्रोकच्या फुगीर सायलेन्सरच्या) दाबलहरी करतात, आणि मध्ये टर्बाइन आली की त्या मोडतात. ९८ सीसीच्या या इंजिनाला चांगला चेंबर आणि पोर्टिंग करा.

प्रश्न : अशी गाडी रस्त्यावर नेता येईल का? पासिंग होईल का?
(वाचक, गुहागर)

उत्तर : नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेली मोटार गाडी सार्वजनिक किंवा इतर कुठल्याही ठिकाणी चालवता येत नाही. नोंदणी असलेल्या गाडीवर टर्बो चढवला तर तो कलम ५२ खाली बदल ठरतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. खासगी जागेवर, मालकाच्या परवानगीने चालवायची तरी आधी आरटीओत विचारून घ्या. आणि सडा मोकळा दिसतो म्हणून कुठेही चाक घालू नका. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांसारखी शिल्पं अनेक सड्यांवर मातीच्या पातळ थराखाली आहेत. टायरने खरवडलेली रेषा परत येत नाही.

प्रश्न : आमच्या वाटेत दोन व्हाळ (ओढे) लागतात. टर्बोला पाण्याचा त्रास होतो का? आणखी काय काळजी घ्यायची?
(वाचक, कणकवली)

उत्तर : लाल तापलेल्या बिडाच्या हाउसिंगवर थंड पाणी उडालं की ते तडकतं. व्हाळाच्या अलीकडे दोन मिनिटं आयडलला ठेवा, मगच पाण्यात उतरा. हवेचं तोंड टाकीच्या उंचीला आणा आणि टर्बोसमोर पत्र्याचा आडोसा द्या, पत्रा आणि हाउसिंग यांत १० मिमी फट ठेवून. गाडी थांबवतानाही दोन मिनिटं आयडल हवंच, नाहीतर शाफ्टवरचं तेल जळून कोळसा होतो. हेडचं तापमान कळायला प्लगच्या वायसरखाली थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवा. हळू गतीच्या चढावर वारा लागत नाही, फिनांत चिखल असतो, आकडा २०० अंशांच्या वर गेला की थांबा.

थांबायची जागा मात्र बघून निवडा. दिवाळी सरली की सड्यावरचं गवत वाळतं, आणि ते टर्बाइनच्या हाउसिंगला टेकलं तर पेटायला काही क्षण पुरतात. फेब्रुवारी ते मे या काळात असा वणवा शेजारच्या आंबा-काजूच्या बागेत शिरला तर वीस-वीस वर्षांची कलमं जातात. त्या महिन्यांत गाडी उघड्या कातळावरच उभी करा, सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी लावा, आणि एक किलोचा पावडरचा अग्निशामक गाडीवरच बांधून ठेवा.